छत्री उघडली होती, दोर सुटला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या वर्तमानपत्रात मुंबईच्या इंजिनीअरिंगच्या मुलांनी बनवलेलं एक रॉकेट शेतात कोसळल्याची बातमी आली होती. पॅराशूट उघडलंच नाही, इथेच कुठेतरी शिवून घेतलेलं होतं, ते टिकलं नाही, असा बातमीचा सूर होता. ते पॅराशूट मी शिवलं आहे. लालबागला आमचं दप्तरं, ट्रेकच्या सॅक आणि ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे. बाबा मिलच्या साचाखात्यात होते, 1982 च्या संपानंतर त्यांनी हे दुकान टाकलं, आता बरीच वर्षं मी चालवते. बातमी आल्यापासून ओळखीची माणसं दारात थांबून विचारतात, "ताई, तुमची शिवण उसवली म्हणे?"

शिवण उसवली नव्हती. पॅराशूट उघडलं होतं. ही चूक दुरुस्त करावी, ही पहिली विनंती. पण तेवढंच असतं तर मी दोन ओळींत आटोपलं असतं. आता पुढच्या रॉकेटसाठी परदेशातून तयार पॅराशूट मागवायचं चाललंय, असं कानावर आलं. म्हणजे जे मोडलं नाही ते बदलणार आणि जे मोडलं ते तसंच राहणार. मला त्याची काळजी वाटते. साडेपाच किलोचं रॉकेट आहे ते. या वेळी रिकाम्या शेताच्या बांधावर पडलं, कोणाला काही झालं नाही. पुढच्या वेळचं कोण सांगणार?

माझा भाचा त्या टीममध्ये आहे, म्हणून घडलेलं सगळं मला ठाऊक आहे आणि मोडलेलं रॉकेट मी स्वतः हातात घेऊन पाहिलंय. दोन मीटरपेक्षा थोडं उंच, 10 सेंटीमीटर रुंदीची नळी, आत 'जे' (J) वर्गाची मोटर. या मोटरींना इंग्रजी अक्षरांचे वर्ग असतात, पुढच्या अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट. 'एच'पासून (H) पुढच्या रॉकेटांना हाय-पॉवर म्हणतात. मुंबईत असलं रॉकेट सोडायला ना जागा ना परवानगी, म्हणून मुलं स्पर्धेसाठी राज्याबाहेर एका परवानगी असलेल्या मैदानावर गेली होती.

रॉकेट सरळ वर गेलं, 900 मीटरच्या आसपास. माथ्यावर पोचून वेग सरला की आतलं यंत्र दोन-तीन ग्रॅम काळी दारू पेटवतं. त्या गॅसच्या दाबाने पुढचा निमुळता भाग, म्हणजे नोजकोन, बाटलीच्या बुचासारखा उडतो आणि त्याच्यामागून पॅराशूट बाहेर येतं. नोजकोन, पॅराशूट आणि नळी ही तिन्ही एकाच लांब दोराला बांधलेली असतात. मुलं त्याला शॉक कॉर्ड म्हणतात. त्याचं एक टोक नोजकोनला आणि दुसरं नळीच्या आत. त्या दिवशी नोजकोन वेळेवर उडाला, पॅराशूट बाहेर आलं, फुललं. सुटलं ते नळीच्या आतलं टोक. मग सहा फुटी पॅराशूटखाली राहिला फक्त 800 ग्रॅमचा नोजकोन. तो हवेत तरंगत दीड किलोमीटरवर गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीवर सापडला. पंख आणि रिकामी मोटर घेऊन नळी मात्र दगडासारखी खाली आली. खाली उभी असलेली माणसं नळीकडेच बघत होती. तिच्यावर छत्री नव्हती, म्हणून छत्री उघडली नाही असं सगळ्यांनी धरलं, आणि तेच छापून आलं.

भाच्याने सगळं सामान पोत्यात घालून दुकानात आणलं. मी आधी पॅराशूट टेबलावर पसरलं. घागऱ्याला लावतात तशा आठ कळ्या आहेत त्याला. आठही शिवणी भिंगाखाली पाहिल्या, एक टाका ओढला गेला नव्हता. आठही दोऱ्यांची मुळं शाबूत. बाभळीच्या काट्यांनी तीन जागी कापड ओरखडलं होतं, पण रिपस्टॉप नायलॉनमध्ये जाड धाग्याच्या बारीक चौकटी विणलेल्या असतात, त्यामुळे फाट चौकटीपाशीच अडली होती.

मग दोराचं दुसरं टोक हातात घेतलं. त्या टोकाला इपॉक्सीची, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या गोंदाची, एक वडी लटकत होती, चिक्कीच्या वडीएवढी, पिवळी, कडक. दोर तिच्यात असा रुतून बसलेला की पकडीने ओढूनही हलेना. वडी उलटी केली तर पाठीला तपकिरी कागदाचा पातळ पापुद्रा चिकटलेला. नखाने खरवडलं की कागदाचे तंतू निघत होते. नंतर बॅटरी घेऊन नळीत पाहिलं. आत हात कोपरापर्यंत जातो, बरोबर तिथे तेवढ्याच आकाराचा फिकट डाग होता. तिथला कागद सोलून निघाला होता.

कापडाच्या ताग्याच्या आत जी जाड कागदी नळी असते, ती मंगळदास मार्केटात ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच कळेल. गुंडाळ्यांवर गुंडाळ्या चिकटवून ती नळी बनते. उभी दाबली तर माणसाचं वजन पेलते, पण सर्वांत आतला थर नखाने उचकटला की केळीच्या सोपटासारखा निघत येतो. इपॉक्सी त्या थराला घट्ट चिकटलं होतं, आणि तो थर नळीला तितका घट्ट चिकटलेला नव्हता. इपॉक्सीचा दोष नाही, दोराचा नाही, शिवणीचा तर नाहीच.

आमच्या धंद्यात नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात ही चूक करतो. दप्तराचा पट्टा अस्तराला शिवतो. वरून बघायला छान दिसतं, टाके सरळ, दोरा पक्का. मुलाने चार पुस्तकं घालून दप्तर खांद्यावर टाकलं की पट्टा निघतो, आणि पट्ट्याबरोबर अस्तराचा तुकडा. पट्टा जिथे भार आहे तिथे गेला पाहिजे. बाहेरच्या कापडात, मुख्य शिवणीत, खाली पाठीच्या पट्टीपर्यंत. रॉकेटमध्ये मुलांनी दोर अस्तराला शिवला होता.

असं का झालं, तेही भाच्याने मोकळेपणी सांगितलं. नळी, मोटरची बैठक, पंख, सगळं चिकटवून, रंगवून झालं होतं. दोर आत कुठे बांधायचा हे शेवटी आठवलं. नळीच्या तोंडातून हात कोपरापर्यंतच जातो, म्हणून जिथे हात पोचला तिथे आतल्या गुळगुळीत भिंतीवर इपॉक्सीचा गोळा थापला. पॉलिशपेपरने घासलंही नव्हतं. मोटरवर सहा महिने गेले, यंत्रावर तीन, दोराच्या टोकावर एक संध्याकाळ.

त्यात ओढ कशी आली तेही बघावं लागतं. वेल्क्रोचे दोन पट्टे एकमेकांवर लावून लांबीत ओढले तर दोन माणसांना सुटत नाहीत. तेच कोपऱ्यातून उचकटले तर दोन बोटांत सुटतात. कुठल्याही चिकटवलेल्या जोडाचं तसंच. सरळ सरकवणाऱ्या ओढीला तो खंबीर, कडेपासून सोलणाऱ्या ओढीला दुबळा. नोजकोनने झटका दिला तेव्हा दोर त्या वडीच्या वरच्या काठावर आला आणि काठापासून सोलत गेला.

झटका केवढा, हे भाच्याने माझ्या ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर मांडून दाखवलं. ते पान मी जपून ठेवलंय. 800 ग्रॅमचा नोजकोन सेकंदाला 15 मीटर वेगाने दोराच्या टोकाला पोचला तर त्याच्या अंगात 90 ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा दोराने 3 सेंटीमीटरच्या आत थांबवायची म्हटली तर ओढ सरासरी 300 किलोची होते. तीच 30 सेंटीमीटरमध्ये थांबवली तर 30 किलोची. नोजकोन तोच, वेग तोच, ओढ दहापट कमी. तीस किलो म्हणजे आमच्या माळ्यावरचा ताडपत्रीचा गठ्ठा. तीनशे किलोला कागदाचा पापुद्रा काय टिकणार?

मुलांचा दोर अडीच मीटरचा होता, सगळा केव्हलारचा. केव्हलारबद्दल मला विशेष आपुलकी आहे. स्टेफनी क्वोलेक नावाच्या संशोधक बाईंनी 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीत तो धागा शोधला, टायरसाठी हलका आणि मजबूत धागा हवा होता म्हणून. नायलॉनच्या पट्टीचं टोक मेणबत्तीवर धरलं की वितळून गोळा होतो, आम्ही टोकं तशीच बंद करतो. केव्हलार वितळत नाही. ज्योतीत धरला तर काळवंडतो, टोक मोकळंच राहतं, म्हणून ते दुमडून शिवावं लागतं. साध्या कात्रीची धार तो एका दिवसात घालवतो. काळ्या दारूचा गरम गॅस जिथे फुटतो तिथे केव्हलारच पाहिजे, नायलॉन तिथे होरपळेल. पण केव्हलार जवळजवळ ताणत नाही. नायलॉन तुटण्याआधी लांबीच्या पाचव्या हिश्शाएवढा तरी ताणतो, आणि त्या ताणण्यात झटका जिरतो. म्हणून दोन्ही हवेत. आत बुडाशी केव्हलार, पुढे नायलॉनची पट्टी. आणि दोर लांब हवा, रॉकेटच्या उंचीच्या तीन ते पाच पट असा साधारण रिवाज आहे. दोन मीटरच्या रॉकेटला अडीच मीटर दोर फारच आखूड झाला. नळीत मावत नाही म्हणून तो कापला होता.

लांब दोर मावतोही. पट्टीच्या एकावर एक घड्या घालायच्या आणि दर थोड्या घड्यांवर मास्किंग टेपचा एक वेढा. नोजकोन दोर ओढत नेतो तेव्हा एकेक वेढा तुटत जातो, आणि प्रत्येक वेढा त्याचा थोडाथोडा वेग खातो. मी आठ मीटरची पट्टी तशी बांधून दिली आहे, वरणाच्या वाटीएवढी झाली.

आता दोर आत कुठे बांधायचा. मोटर एका आतल्या नळीत बसते. ही आतली नळी प्लायवुडच्या कड्यांनी बाहेरच्या नळीच्या मधोमध धरलेली असते आणि पंखांची मुळंही बाहेरच्या नळीतल्या फटींतून आत जाऊन तिलाच टेकतात. मोटर अख्खं रॉकेट वर ढकलते तो जोर याच कड्यांमधून जातो. म्हणजे ही रॉकेटची पाठीची पट्टी. दुसऱ्या रॉकेटला मुलांनी माझ्यासमोर केलं ते असं: केव्हलारची पट्टी मधोमध दुमडली, वर एक फास ठेवला. पुढच्या कड्याला समोरासमोर दोन खाचा पाडल्या. पट्टीचे दोन पाय त्या खाचांतून खाली नेले, आतल्या नळीच्या दोन बाजूंनी पार मागच्या कड्यापर्यंत, आणि पूर्ण लांबीभर इपॉक्सीत बसवले. चिकटवण्याआधी नळी पॉलिशपेपरने घासून चकाकी घालवली. आता ओढ आली की ती दोन्ही पायांवर सारखी येते, लांबीच्या दिशेने येते, सोलायला काठच सापडत नाही. एवढं झाल्यावर मग ती बैठक बाहेरच्या नळीत गेली. हे सगळं आधी करावं लागतं. रॉकेट बंद झाल्यावर तिथे हात पोचत नाही.

काही जण त्याऐवजी प्लायच्या जाड तबकडीत आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला गोल डोळा असलेला बोल्ट, बसवतात, तोही चालतो, पण तो घडीव हवा, डोळा पूर्ण बंद असलेला. नुसती तार वाकवून केलेला स्वस्त आय-बोल्ट झटक्याला उघडतो आणि दोर त्यातून अलगद निसटतो. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात दोन्ही एकाच दुकानात शेजारशेजारच्या खोक्यांत मिळतात, किमतीत फरक फार नाही. मागे रुंद वॉशर आणि नट हवा, नाहीतर बोल्ट प्लायमधून उपसून येतो. नोजकोनच्या टोकालाही हेच. प्लास्टिकच्या नोजकोनला बुडाशी ओतीव कडी असते, ती हलक्या रॉकेटसाठी, एवढ्या वजनाला तिच्यावर विसंबू नये.

दोराला गाठ मारण्यापेक्षा टोक दुमडून शिवावं, असं माझं ठाम मत आहे. गाठीत दोर तीव्र वाकतो आणि त्याच जागी त्याची ताकद घटते, चांगल्यातल्या चांगल्या गाठीतही पाचवा-चौथा हिस्सा जातो. मी टोक चार बोटं दुमडते, चौकट शिवते, चौकटीत फुली. सॅकच्या पट्ट्याला असते तीच शिलाई. बुडाचा फास आणि लांब पट्टी यांच्यामध्ये स्क्रूने बंद होणारी स्टीलची कडी घातली, म्हणजे पट्टी जुनी झाली की बदलता येते आणि बुडाच्या फासाला हात लावावा लागत नाही. आणखी एक, वेग जास्त असताना नोजकोन उडाला तर दोर नळीचा काठच चिरत जातो, साबणाच्या वडीत तार घुसावी तसा. म्हणून जिथे दोर काठावर घासतो तिथे मी जाड कापडाची नळी चढवून दिली आहे.

आता या पत्राचं खरं कारण. हे सगळं उडवण्याआधी जमिनीवर तपासता येतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. 5 किलोचं वजन सहा फुटांवरून पडलं की 90 ज्यूल होतात, वहीतल्या नोजकोनएवढेच. एका रविवारी दुकानाचं शटर ओढून आम्ही पोटमाळ्याच्या गर्डरला त्याच नळीचा दोन फुटांचा तुकडा उलटा टांगला. आत जुन्या पद्धतीने इपॉक्सीची वडी थापून दोन दिवस वाळवलेली होती. नळीच्या तोंडाखाली सहा फूट लोंबेल एवढा केव्हलार, त्याच्या टोकाला 5 किलो वाळूची पिशवी, खाली गादी. पिशवी नळीच्या तोंडाशी धरून सोडली. पहिल्या खेपेला वडी काठाने उचलली गेली, दुसऱ्या खेपेला पिशवी, दोर आणि वडी तिन्ही गादीवर. वडीच्या पाठीला तोच तपकिरी पापुद्रा. मग नवीन बैठकीचा नमुना टांगला. तेच वजन, तोच आखूड केव्हलार, नायलॉनची मदत मुद्दाम घेतली नाही. दहा वेळा सोडलं. नंतर 50 किलो तांदळाची गोणी रात्रभर लटकवून ठेवली. सकाळी बॅटरी लावून पाहिलं, इपॉक्सीला केसाएवढी चीर नाही. भाच्याबरोबर टीममधली एक मुलगी आली होती, तिने प्रत्येक खेपेचा फोटो काढलाय.

ही तपासणी पहिल्या रॉकेटची कोणी केली नव्हती. स्पर्धेच्या जागी परीक्षकांनी मोटर पाहिली, पंख हलवून पाहिले, पॅराशूटची घडी पाहिली, हे भाच्यानेच सांगितलं. नळीत बॅटरी मारून दोर कुठे बांधलाय हे पाहिलं नाही, ओढूनही पाहिलं नाही. माझी दुसरी विनंती आपल्यामार्फत कॉलेजांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना आहे. रॉकेट मैदानावर न्यायच्या आधी, बैठक नळीत बंद होण्यापूर्वी दोराचं मूळ शिक्षकांनी डोळ्यांनी पाहून सही करावी, आणि वर सांगितला तसा वजन पाडून पाहायचा प्रयोग सक्तीचा करावा. खर्च वाळूच्या पिशवीचा.

आपल्याच वर्तमानपत्रात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गगनयानच्या चाचणीचे फोटो आले होते. 21 तारखेला श्रीहरिकोटाहून उडालेलं ते यान पॅराशूटला लटकून बंगालच्या उपसागरात उतरलं. आमच्या दुकानातल्या पोरांनी तो फोटो मोठा करून बघितला होता, रंगीत छत्र्यांसाठी. मी छत्रीच्या खाली बघत होते, पट्टे यानाला कुठे जोडलेत ते दिसतं का म्हणून. तिथे उद्या माणसं बसणार आहेत. ही मुलं आज जे रॉकेट बनवतात त्यातलीच काही तिथे कामाला जातील, तेव्हा त्यांना पट्ट्याच्या मुळाकडे बघायची सवय आत्ताच लागायला हवी.

तयार पॅराशूट आणायला माझी हरकत नाही, चांगली मिळतात. त्या जागी माझं काम गेलं तरी चालेल. फक्त ते पॅराशूट कागदाच्या पापुद्र्याला बांधू नका.

तिसरी विनंती वार्ताहरांना. पुन्हा असं काही पडलं तर तुकडे बघून लिहावं. पहिल्या रॉकेटच्या इपॉक्सीची वडी मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, कागदाचा पापुद्रा अजून तिच्या पाठीला आहे. दुकानातल्या तपासणीत नळीतून निघालेली दुसरी वडीही शेजारीच आहे. ज्यांनी बातमी लिहिली त्यांनी यावं, मी दोन्ही हातात देईन. दुपारी 2 ते 4 दुकान बंद असतं, बाकी वेळ मी असते.

आपली,
दप्तरं शिवणारी एक वाचक,
लालबाग, मुंबई